साहेबांच्या हीटरचा चार्ज

गॅसवर दूध ठेवून काकू मागच्या दारी वाळलेले कपडे काढायला गेल्या, की आमचे घरमालक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून मोठ्याने विचारायचे, "दुधाचा चार्ज कोणाकडे हाय?"

"तुमच्याकडे!" काकू बाहेरून ओरडायच्या.

"मी घेतला म्हटलं का? मी म्हणेपर्यंत तुझ्याकडेच."

हा निकाल लागेपर्यंत दूध ओट्यावर आलेलं असायचं. काका ते मुकाट्याने पुसायचे, पण दूध आपल्यामुळे उतू गेलं हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. चार्ज त्यांच्याकडे नव्हताच.

मी शहापूरला बदली होऊन आले तेव्हा त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. नवरा आणि मुलगा नाशिकला, मी सोमवार ते शुक्रवार इथे. घर बघायला गेले त्या दिवशी मी पिशवीतून माझी यादी काढली: पाणी कधी येतं, मीटर वेगळा आहे का, गच्चीवर कपडे वाळत घालता येतील का. काकांनी सगळ्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली, मी एकेकापुढे खूण करत गेले. मग ते मला जिन्याखालच्या पाण्याच्या पंपाकडे घेऊन गेले, बटणावर हात ठेवला आणि म्हणाले, "वरच्या टाकीच्या पंपाचा चार्ज तुमच्याकडे. बोला."

मी म्हटलं, "हो, चालेल."

हात तसाच.

"ठीक आहे काका. लक्षात आलं."

हात तसाच. शेवटी आतून काकूंचा आवाज आला, "ताई, 'चार्ज घेतला' म्हणा, नायतर ते जेवायला येणार नायत."

मी म्हटलं. काकांनी हात काढला, खांद्यावरून पोतं उतरवल्यासारखा श्वास सोडला आणि जेवायला गेले.

त्यांची सगळी नोकरी वाशिंदच्या एका कारखान्यात बॉयलरवर गेली होती. बॉयलर कधी एकटा सोडायचा नाही, हा तिथला पहिला नियम. भोंगा झाला, पाळी संपली, तरी पुढच्या पाळीच्या माणसाने समोर येऊन, आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी काच बघून, तोंडाने "चार्ज घेतला" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. हा पुढचा माणूस म्हणजे रिलीव्हर. तो आला नाही तर पुढची पाळीही आपलीच. काकांचा एक रिलीव्हर यायचा आणि येऊन बाकावर आडवा व्हायचा. त्याच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं की मग तो डोळे न उघडता "घेतला" म्हणायचा. ही गोष्ट काका हसत सांगायचे, पण शेवटी गंभीर होऊन म्हणायचे, "पण म्हणायचा हां. म्हटल्याशिवाय मी कधी निघालो नाय." बहुतेक लोक असे नियम निवृत्तीच्या दिवशी कारखान्याच्या फाटकातच सोडून येतात. काका ते फंडाबरोबर घरी घेऊन आले.

माझ्या याद्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. पावसाळ्याच्या आधी करायच्या कामांचा एक कागद मी जिन्यात चिकटवला होता: गच्चीची पन्हळी साफ, पंपावर आडोसा, मागच्या भिंतीची चीर. काकांनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला. "छान लिहिलंय. पण कागद चार्ज घेत नाय ताई. माणूस घेतो. वाचणारा चहा प्यायला गेला तर हा कागद काय करणार?" याद्या मी तरीही सोडल्या नाहीत.

त्यांच्याकडे लांब दांड्याचा एक स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून आत काय चाललंय ते ऐकायचं. फ्रिज, मिक्सर, माझी स्कूटर, सगळ्यांची तपासणी अशी व्हायची. बाजारातल्या पिठाच्या गिरणीत ते दळण घेऊन गेले की गिरणीवाल्याला दर वेळी सांगायचे, "बेरिंग जातंय." माझी शहापूरहून पुन्हा बदली झाली तोपर्यंत ते बेरिंग गेलं नव्हतं. एकदा डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली, तर म्हणाले, "मला पण ऐकू द्या." डॉक्टर भला माणूस, त्याने नळ्या त्यांच्या कानात घातल्या. काकांनी स्वतःचं काळीज बराच वेळ ऐकलं आणि मान डोलावली. "फीड पंप चालू हाय. बॉयलरला पाणी पोचतंय."

आता साहेबांबद्दल. साहेब म्हणजे मासा. ऑस्कर जातीचा, तळहाताहून मोठा, काळपट अंगावर निखाऱ्यासारखे नारिंगी डाग. तो मूळचा कारखान्याच्या मॅनेजरच्या केबिनमधला. मॅनेजर दुसरीकडे गेले, काचेची टाकी तिथेच राहिली, आणि माशाचं काय करायचं यावर कोणीच काही बोलेना. काकांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. ते केबिनच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चार्ज घेतला." मासा बादलीतून आणि टाकी टेम्पोतून शहापूरला आली. पाण्यात एका जागी तरंगत राहायचं आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाकडे, तो कामावर उशिरा आल्यासारखं बघायचं, ही त्या माशाची सवय होती. म्हणून तो साहेब. काकांचा आवाज आला की तो काचेपाशी यायचा. काकू रोज खाणं घालायच्या, त्यांच्याकडे ढुंकून बघायचा नाही. "खायला मी घालते आणि हजेरी यांच्याकडे," काकू म्हणायच्या.

शहापूरची थंडी फार नसते, पण डिसेंबरात पहाटेचा गारठा फरशीतून वर चढतो. त्या वर्षी साहेब तळाशी जाऊन एका कुशीवर पडायला लागले. काकांनी टाकीला गोधडी गुंडाळली. मग काकूंची गरम पाण्याची रबरी पिशवी दोरीने आत सोडली. साहेबांनी पिशवीकडे पाठ केली. शेवटी कल्याणच्या मासेवाल्या दुकानदाराने सांगितलं, हा उष्ण पाण्यातला मासा आहे, टाकीत हीटर बसवा. काका हीटर घेऊन आले: वीतभर लांबीची काचेची नळी, आत तारेचं वेटोळं, वर तापमानाचं फिरकीचं बटण आणि एक लाल दिवा.

बसवण्याचा कागद मी मोठ्याने वाचायचा आणि काकांनी हात चालवायचे, असं ठरलं. मी एकेक वाक्य वाचलं की ते म्हणायचे, "घेतलं. पुढे." फिल्टरचं पाणी जिथे पडतं त्याच्या जवळ बसवा, म्हणजे ऊब सगळीकडे पसरेल. घेतलं. नळीवरच्या रेषेपर्यंत पाणी असलंच पाहिजे. घेतलं, ही रेषा त्यांना फार आवडली, बॉयलरच्या काचेवरही तशीच असते म्हणाले. खालच्या वाळूला टेकवू नका. घेतलं. उभा किंवा तिरपा बसवा. इथे ते थांबले, विचार केला, आणि तिरपा बसवला. "उभा ठेवला तर खालची ऊब त्याच्याच डोक्यावर चढेल." वायर बटणाच्या खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे ओघळलेलं पाणी बटणात जाणार नाही. घेतलं. आणि पाण्यात सोडल्यावर लगेच चालू करू नका, काच पाण्याशी सारखी होऊ द्या. हे ऐकून काका उठून उभेच राहिले. "बगा! थंड बॉयलरला पण असंच. घाईने आग लावायची नाय. लिहिणारा शहाणा माणूस हाय."

वाट बघायच्या वेळात त्यांनी बटणाला हळदकुंकू लावलं आणि काकूंनी चटणीसाठी आणलेला नारळ दारात फोडला. मग बटण दाबलं. लाल दिवा लागला. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी आमच्याकडे उशिरा आल्यासारखं बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत होते. घरी परत आले तर खालच्या खोलीत गोंधळ. साहेब पाण्याच्या वर तोंड काढून भराभर हवा गिळत होते. काकू पदर खोचून उभ्या.

"ताई, या जरा. सकाळपासून सांगतेय, पाणी बघा, पाणी बघा. आंघोळीला निघालंय पाणी! अहो, साहेबांचं कालवण करताय का? कोकम टाकू?"

झालं होतं ते असं. सकाळी लाल दिवा विझला. बॉयलरवर आयुष्य काढलेल्या माणसाला विझलेला दिवा म्हणजे एकच गोष्ट समजते: आग गेली, आता प्रेशर पडणार. काकांनी फिरकी थोडी वर फिरवली. दिवा लागला. थोड्या वेळाने पुन्हा विझला. काकांनी पुन्हा फिरवली. असं करत दिवसभर त्यांनी निष्ठेने आग जिवंत ठेवली होती.

मी काही म्हणायच्या आत काकूंनी माठातल्या पाण्याचा तांब्या भरून टाकीवर धरला. काकांनी झडप घालून त्यांचा हात पकडला. "थांब! आधी आग, मग पाणी!"

"अहो मासा मरतोय!"

"तापल्या नळीवर गार पाणी पडलं तर फुटंल ती. बॉयलरवर असं केलं असतं तर छप्पर आसनगाव स्टेशनात गेलं असतं." त्यांनी हीटरचं बटण बंद केलं, पिन काढली, नळी निवेपर्यंत थांबले, आणि मगच काकूंच्या हातून थोडं थोडं गार पाणी घालू दिलं. थांबण्याचे ते क्षण त्यांना फार जड गेले. पण नियम मोडला नाही. संध्याकाळी दिवेलागणीला साहेब पुन्हा मधोमध येऊन तरंगायला लागले.

मी त्यांना कागदातला तो भाग पुन्हा वाचून दाखवला. पाणी पुरेसं गरम झालं की हीटर आपोआप बंद होतो, गार झालं की आपोआप चालू.

"आपोआप म्हणजे कोण करतो?"

"कोणी नाही काका. आत धातूची एक पट्टी असते. तापली की वाकते आणि वीज तोडते."

"पट्टी," काका म्हणाले. खुर्चीवर बसले. "माझ्या साहेबांचा जीव एका पट्टीवर?"

त्या दिवसापासून ती खुर्ची टाकीसमोर कायमची ठेवली गेली. काका तिथे बसून दिव्याकडे बघत. लागला, विझला, लागला. बाजारात गेले तरी जीव टाकीत. भाजीची पिशवी अर्धी भरायच्या आधी परत. महिन्यातून एकदा ते हीटर बाहेर काढून त्यावरचा पांढरा क्षार लिंबाने पुसायचे. त्या वेळी भिंतीवरच्या बटणाला लाल कापड बांधलेलं असायचं. आत माणसाचा हात आहे, बटणाला कोणी शिवू नये, अशी कारखान्यातली खूण. ते लाल कापड म्हणजे काकूंचा ठेवणीतला खण होता, हे काकूंना दुसऱ्या महिन्यात कळलं.

काका आता नाहीत. मी नाशिकला परत आले, त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. गेल्या हिवाळ्यात मी काकूंना भेटायला गेले होते. टाकी त्याच जागी, साहेब म्हातारे, रंग उतरलेला, पण नजर तीच. हीटर तिसरा. काकूंनी माझ्यासमोर तो साफ केला. आधी पिन काढली, मग थांबल्या, मग पाण्यात हात घातला. आणि बटणाला तोच खण बांधला होता, हळदीच्या डागासकट. मग चहा झाला.

पण काका म्हटलं की मला आठवते ती म्हशाची जत्रा, जिला मी गेलेच नव्हते.

काकूंचं माहेर मुरबाड तालुक्यातलं, म्हसा गावाला लागून. पौषात तिथे मोठी जत्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, सगळे नातेवाईक गोळा. काकूंचं लग्न झालं त्या वर्षी त्यांच्या आईने जत्रेतून एक चांगली काळी घोंगडी घेतली. जावई मुक्कामाला येईल तेव्हा त्याला पांघरायला. जावई कधी मुक्कामाला आलाच नाही. काका जत्रेला सकाळी जायचे, जेवायचे, आणि ऊन कलायच्या आत पाळी गाठायला परत निघायचे. काकूंचा भाऊ बहिणीला विचारायचा, "काय गो, दाजी आले होते का नुसता भोंगा वाजून गेला?" घोंगडी दर वर्षी उन्हात पडायची, झटकली जायची आणि कडुलिंबाचा पाला घालून पुन्हा पेटीत जायची. दुसऱ्या कोणी ती पांघरायची नाही, असा आईचा हुकूम होता.

"आई आता थकली गो ताई," काकू मला म्हणाल्या. काका निवृत्त झाल्यानंतरची ती पहिलीच जत्रा होती. "तिला दुसरं काय नको. तिच्या डोळ्यांदेखत ती घोंगडी एकदा उलगडू दे. इतकी वर्षं बॉयलर होता, मी कधी काय बोलले नाय. आता बॉयलर नाय. आता काय सांगू तिला, मासा हाय?"

मी लगेच म्हटलं, साहेबांना मी बघते. काकांनी माझी परीक्षा घेतली. पाणी रेषेच्या खाली गेलं तर आधी काय? आग. मग? पाणी. वीज गेली तर? गोधडी. दिवा विझला तर? काही नाही. हे शेवटचं उत्तर त्यांना पटलं नव्हतं, पण ते माझ्याकडून पाठ करून घेतलं. जत्रेच्या आदल्या दिवशी मला नाशिकहून फोन आला: सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं, ते आता दुसऱ्याच दिवशी ठरलं, आणि मला जाणं भाग होतं.

मी शेजारच्या दुकानदाराला घेऊन आले. चांगला माणूस, घरात स्वतःचे पोपट. काकांनी बटणावर हात ठेवून त्याला सांगितलं, "साहेबांच्या हीटरचा चार्ज तुमच्याकडे. बोला."

"हो हो, बघतो ना काका. काळजीच नको."

"नाय, तसं नाय. बोला."

"अहो बघतो म्हटलं ना!" दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, तो हसत निघून गेला. काकांनी हात बटणावरून काढला नाही. झालं, माणूस बाद.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा भाऊ जीप घेऊन दारात उभा. काकू नवी साडी नेसून, पिशवी भरून तयार. मी माझी बॅग घेऊन जिन्यात. आणि काका बनियनवर, टाकीसमोरच्या खुर्चीत.

"तू जा. मी थांबतो साहेबांजवळ. पुढच्या वर्षी बघू."

भाऊ दारातून म्हणाला, "दाजी, माशाला पण घ्यायचं का जीपमधे? मागची शीट रिकामी हाय."

काकांनी यावर खरोखर विचार केला. "नको. सापगावच्या पुढे रस्ता खराब हाय."

मला वाटलं, काकू आता ओरडतील, किंवा रडतील. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि टाकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ताई, आत काय हाय म्हणालात तुमी? पट्टी ना?"

"हो."

"अहो," काकू काकांकडे वळल्या, "इतके दिवस बसून बघताय तुमी. पाणी गार झालं आणि दिवा लागला नाय, असं एकदा तरी झालं का?"

काका खोटं बोलणारे नव्हते. "नाय."

"ती पट्टी जेवायला उठली? चहाला? तंबाखू मळायला?"

"नाय."

"तुमच्या सगळ्या नोकरीत असा रिलीव्हर कधी मिळाला होता?"

बाहेर भावाने हॉर्न वाजवला. "नाय मिळाला," ते म्हणाले. "पण ती बोलत नाय. तोंडाने म्हटल्याशिवाय चार्ज होत नाय."

"तुमी देऊन तर बघा."

काका उठले. आत जाऊन शर्ट घालून आले, बटणं गळ्यापर्यंत लावली. मग भिंतीवरच्या बटणावर हात ठेवून हीटरकडे बघत म्हणाले, "साहेबांच्या टाकीचा चार्ज देतोय. बोल."

लाल दिवा बंद होता. पाणी पुरेसं गरम होतं, त्याला लागायचं काही कारण नव्हतं. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत उभे. साहेबही. पुन्हा हॉर्न. दिवा बंद. काकांचा हात तसाच बटणावर, आणि तो आपणहून निघणार नाही हे मला माहीत होतं.

काकू स्वयंपाकघरात गेल्या, माठातल्या पाण्याचा तांब्या भरून आणला, आणि काका "अगो..." म्हणेपर्यंत तो हीटरच्या बाजूने पाण्यात ओतला. काकांचा दुसरा हात अर्धवट वर येऊन थांबला. नियम मोडलाच नव्हता. आग बंद होती, नळी गार होती. आधी आग, मग पाणी.

क्षणभर काही झालं नाही. मग दिवा लागला.

"घेतला म्हणाली," काकू म्हणाल्या.

"ही फसवणूक झाली."

"फसवणूक कसली त्यात? तुमचा तो रिलीव्हर तरी तोंडावर पाणी मारल्याशिवाय कधी ओ देत होता?"

काका आधी काकूंकडे बघत राहिले. मग खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग ते असे हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. भिंतीचा आधार घ्यायला दोन्ही हात लागले. बटणावरचा हात निघाला तो तसा.

जीपमध्ये बसण्याआधी ते एकदा परत आत आले. मला वाटलं, आता पुन्हा खुर्ची. पण त्यांनी फक्त दिव्याला बोट दाखवून सांगितलं, "काच बघत जा," आणि दार ओढून घेतलं. जीप सापगावच्या रस्त्याला लागली, मी नाशिकच्या गाडीसाठी हमरस्त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाशिकला दवाखान्यात सासूबाईंच्या खाटेशेजारी औषधांच्या वेळा लिहीत होते, तेव्हा काकूंचा फोन आला. आवाज इतका हळू की मी घाबरले.

"काय झालं काकू? निघाले का परत?"

"कुठले निघतात? झोपलेत अजून." त्या कुजबुजत होत्या. "ऊन ओटीवर चढलंय, जत्रेला माणसं चाललीयत, पोरं अंगावरून उड्या मारतायत, तरी उठत नायत. घोंगडी उलगडली गो ताई. आई पायाशी बसलीय कधीची. कोणाला हाक मारू देत नाय."

"हीटरचं काही विचारलं का?"

"निजताना एकदा. म्हणाले, दिवा लागला असंल ना? मी म्हटलं, लागलाय, निजा तुमी. थांबा, ऐकवते."

फोन कुठेतरी सरकला. आधी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला, लांबून भोंग्यावरचं गाणं, कोणाची तरी हाक. मग अगदी जवळून, संथ, एकसारखं, खोल घोरणं. मी ते बराच वेळ ऐकलं. काकांनी ऐकलं असतं तसं, डोळे मिटून.

काकू पुन्हा फोनवर आल्या तेव्हा मी विचारलं, "मग आता काकांचा चार्ज कोणाकडे?"

तिकडून लगेच उत्तर आलं.

"घेतला."